दुसरी चौकट कोण शिकवणार?

जळकोटसारख्या तालुक्याच्या गावात मुलांची चित्रकलेशी गाठ पडते ती एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षांमुळे. लातूर जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, नांदेडच्या मुखेड-कंधारला खेटून हा तालुका. मराठवाड्यातले शासकीय कला महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे एका दिवसात जाऊन येण्याच्या पलीकडे. त्यामुळे इथल्या मुलासाठी चित्रकला म्हणजे शाळेतले ड्रॉइंगचे सर, पोस्टर कलरच्या बाटल्या आणि सप्टेंबरच्या आसपास होणारी कला संचालनालयाची परीक्षा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. इंटरमिजिएटला 'ए' श्रेणी मिळाली की दहावीच्या निकालात सात गुण वाढतात, 'बी'ला पाच, 'सी'ला तीन. लातूर विभागात या गुणांचे मोल काय, हे वेगळे सांगायला नको. २०२५ साली राज्यात दहावीला शंभर टक्के गुण मिळवणाऱ्या २११ मुलांपैकी ११३ एकट्या लातूर विभागातली होती. हे शंभर टक्के चित्रकला, खेळ, लोककला यांच्या वाढीव गुणांसह भरतात.

म्हणजे चित्रकलेला इथे मागणी आहे, पण ती गुणांपुरती. या लेखाचा विषय त्या मागणीला लागून असलेला एक मोठा प्रश्न आहे. चित्रांतून गोष्ट सांगणे, ज्याला आपण चित्रकथा किंवा सरळ कॉमिक्स म्हणतो, ते शाळेत आणि कला महाविद्यालयात शिकवता येते का? जगात अनेक ठिकाणी कला महाविद्यालयात चित्रकथा शिकवणारा चित्रकार ही आता रोजच्या व्यवहारातली गोष्ट आहे. ज्या मातीत चित्रकथेची परंपरा दीड-दोन हजार वर्षे जुनी आहे, त्या आपल्या महाराष्ट्रात तो अजून अपवाद आहे. असे का झाले, आणि काय करता येईल, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मराठवाड्याच्या माणसाने सुरुवात अजिंठ्यापासूनच करायला हवी. पाचव्या शतकातल्या सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक रंगवले आहे. राजपुत्र विश्वंतर पाऊस आणणारा पांढरा हत्ती दान करतो. पावसासाठी आभाळाकडे बघणाऱ्या प्रदेशात या दानाचा अर्थ किती खोल लागत असेल! प्रजा खवळते आणि त्याला वनवास घडतो. रथ बाजारपेठेतून जातो, मग रथही दान होतो, घोडेही, आणि शेवटी मुलेसुद्धा. भिंतीवर हाच राजपुत्र पुन्हा पुन्हा दिसतो. दोन प्रसंगांमध्ये काळी रेघ ओढलेली नाही. खांब, दार, खडक, झाड यांनी प्रसंग वेगळे होतात. जर्मन अभ्यासक डिटर श्लिंगलॉफ यांनी दाखवून दिले की अजिंठ्यातल्या कित्येक चित्रांचा क्रम काळावर नव्हे, जागेवर बेतलेला आहे. राजवाड्यात घडलेले सगळे प्रसंग राजवाड्याजवळ आणि रानात घडलेले सगळे रानाजवळ, मग गोष्टीत त्यांचा क्रम काही का असेना. पाहणाऱ्याने भिंतीपुढे उभे राहून, मागेपुढे होत गोष्ट जुळवायची. दहाव्या लेण्यातली चित्रे आणखी काही शतके आधीची. तिथे षड्दंत हत्तीची कथा लांबच लांब पट्टीसारखी वाहते. एकाच लेणीसमूहात गोष्ट मांडण्याच्या दोन निराळ्या रीती आपल्या हाताशी आहेत. चित्रकथेच्या कुठल्याही वर्गाचा पहिला आठवडा इथे घालवावा.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' लिहिला. त्यात चित्रकथकाचा उल्लेख आहे, म्हणजे चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या माणसाचा. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. बीदर जिल्ह्यातले हे गाव निलंगा-उमरग्याकडच्या माणसाला शेजारचेच. पुढे पैठणला चित्रकथींच्या पोथ्यांची एक खास शैली तयार झाली. सुट्या कागदांवरची ठसठशीत, भरगच्च चित्रे, बाजूने दाखवलेले चेहरे, मोठे डोळे, आणि विषय बहुतेक रामायण-महाभारतातले. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असत. चित्रकथी गात गात एक प्रसंग दाखवी आणि कागद पालटून दुसऱ्यावर जाई. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ही पैठणी चित्रे पाहायला मिळतात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर समाजाने ही कला अजून चालती ठेवली आहे. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पैठणची परंपरा मात्र संग्रहालयात गेली. मराठवाड्याच्या दृष्टीने ही फार मोठी हानी आहे, आणि तिच्याबद्दल आपण पुरेसे हळहळतही नाही.

आता कला महाविद्यालयाकडे वळू. मुंबईचे सर ज. जी. कला विद्यालय १८५७ साली सुरू झाले. तिथल्या शिक्षणावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टनचा ठसा होता. नमुन्यावरून नक्कल, मग प्लास्टरचे पुतळे, भौमितिक घन, अलंकरण, पुढे जिवंत माणूस. प्रत्येक टप्प्यावर समोर एक स्थिर वस्तू, आणि विद्यार्थ्याने ती एका जागी बसून, एका कोनातून उतरवायची. याच विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून सुमारे तेरा वर्षे विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या प्रतिकृती करत होते. त्यातल्या पुष्कळशा १८८५ साली लंडनमध्ये आगीत जळाल्या. जे उरले त्यावर ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७ मध्ये निघाले. इतकी वर्षे विद्यार्थी अजिंठ्याच्या भिंतीपुढे बसले होते. त्यांनी तिथून रेषा उचलली, हातांच्या मुद्रा उचलल्या, वेलबुट्टी आणि रंग उचलले. गोष्ट कशी मांडली आहे, हे अभ्यासक्रमात आले नाही. माझ्या मते मराठी कलाशिक्षणात हुकलेली ही सर्वांत मोठी संधी.

पुढे १९३५ साली ज. जी.मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग निघाला, १९५८ मध्ये त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. जाहिरात, मांडणी, मुद्राक्षरे, छायाचित्रण, इलस्ट्रेशन असे विषय तिथे शिकवले गेले. इलस्ट्रेशन हा चित्रकथेचा सर्वांत जवळचा नातलग. पण त्याचा स्वभाव वेगळा. मजकुरातला एक क्षण निवडून त्याचे एक चित्र करायचे, हे इलस्ट्रेशन. त्या क्षणाच्या आधी आणि नंतर काय, आणि दोन चित्रांच्या मधल्या कोऱ्या जागेत वाचकाच्या मनात काय घडावे, हा चित्रकथेचा प्रश्न. वर्षाभरात एखादा स्वाध्याय म्हणून कॉमिक्सचे पान करून घेणारे शिक्षक अनेक असतील. रेखा व रंगकला, शिल्पकला, उपयोजित कला अशा शाखांच्या रांगेत चित्रकथेची शाखा मात्र बसली नाही.

तरीही मराठी माणसांनी चित्रकथा काढल्या, आणि भरभरून काढल्या. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा'ची पाने ज्यांनी उभी केली, त्यांत राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ही नावे पुढे आहेत. वाईरकरांनी 'कृष्ण' काढला, आणि पुढे 'टिंकल'मधला सुप्पंडी त्यांच्याच हातून घडला. 'टिंकल'चाच शिकारी शंभू वसंत हळबे यांच्या रेषेतून आला. मुळीकांनी नंतर राज कॉमिक्सचा नागराज काढला, आणि पुण्यात बसून काढलेल्या या नायकाने हिंदी पट्ट्यातली पोरे वेडी केली. टाइम्स समूहाच्या इंद्रजाल कॉमिक्समधून १९६४ पासून वेताळ मराठीतही भेटत होता. त्याच मालिकेतला बहादूर आबिद सुरती यांच्या कल्पनेतून आला, आणि सुरती ज. जी.चे विद्यार्थी. १९९१ साली 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू आला. रोज सकाळी दोन-तीन चौकटी वाचायची सवय त्याने घराघरात लावली.

यातले काहीजण कला विद्यालयात शिकलेले, काही नव्हते. हास्यचित्रांच्या शेजारच्या प्रांतातही तेच दिसते. शि. द. फडणीस ज. जी.त शिकले आणि त्यांनी शब्दाविना बोलणारी चित्रे घडवली. वसंत सरवटे पेशाने अभियंता होते, आणि हास्यचित्राबद्दल मराठीत सर्वांत खोलवर लिहिले ते त्यांनीच. आर. के. लक्ष्मण यांना ज. जी.ने प्रवेश नाकारला होता. यावरून कोणी म्हणेल की ही कला शिकवून येत नाही, अंगातच असावी लागते. मला हे पटत नाही. लक्ष्मण यांना म्हैसूरच्या घरात वाचायला भरपूर मासिके होती, त्यांतल्या डेव्हिड लो यांच्या चित्रांवर त्यांचे डोळे तयार झाले. मुळीक, वाईरकर हे संपादकाबरोबर पानामागून पान करत चित्रकथेची भाषा शिकले. प्रत्येकाला कुठेतरी शाळा मिळाली, फक्त तिच्यावर पाटी नव्हती. जळकोटच्या मुलाला अशी बिनपाटीची शाळा कुठे मिळणार? मुंबई-पुण्याच्या संपादकाचे टेबल त्याच्यापासून पाचशे किलोमीटरच्या आसपास दूर. ज्याला घरून, गावातून काही मिळत नाही, त्याच्यासाठीच तर पाटी लावलेली शाळा लागते.

बाहेर हे काम कसे झाले, ते थोडक्यात पाहू. न्यूयॉर्कची स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्स १९४७ साली निघाली ती मुळी व्यंगचित्रकार आणि इलस्ट्रेटर यांची शाळा म्हणून. 'टारझन' काढणारे बर्न होगार्थ तिच्या संस्थापकांपैकी. पुढे तिथे शिकवता शिकवता विल आइस्नर यांनी १९८५ साली कॉमिक्सच्या तंत्रावरचे आपले गाजलेले पुस्तक सिद्ध केले. बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या सँ-ल्यूक संस्थेत साठीच्या दशकाअखेरीस चित्रकथेचा वर्ग सुरू झाला आणि त्यातून फ्रेंच भाषेतल्या चित्रकथेची एक पिढी निघाली. जपानमध्ये क्योतो सेइका विद्यापीठाने २००६ साली मांगाची स्वतंत्र विद्याशाखा काढली. नामवंत मांगाकार केइको ताकेमिया तिथे शिकवत होत्या, पुढे त्याच विद्यापीठाच्या अध्यक्ष झाल्या. हे सगळे चित्रकार स्वतः छापील पानावर मुरलेले होते आणि मग वर्गात गेले.

पण आपल्याला सर्वांत जास्त शिकवू शकेल अशी व्यक्ती मला वाटते लिंडा बॅरी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात त्या चित्रकथा शिकवतात. त्यांच्या वर्गात चित्र काढता न येणारेही येतात, त्यांना मुद्दाम बोलावले जाते. त्यांची रीत ऐकायला अगदी साधी आहे. लहानपणी पाहिलेल्या दहा गाड्यांची यादी करा. त्यातली एक निवडा. आता त्या चित्राच्या आत उभे राहा. उजेड कुठून येतो आहे? तुमच्या डावीकडे काय आहे, उजवीकडे काय, पाठीमागे काय? कोणाचा आवाज येतो? वेळ कुठली? ठरावीक मिनिटांत, हात न थांबवता लिहायचे, मग काढायचे. आठवणीचा एक तुकडा धरला की तो आपोआप पुढचा तुकडा घेऊन येतो, आणि दोन तुकडे झाले की गोष्ट सुरू झाली. या कामासाठी त्यांना २०१९ साली मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली.

हे वाचताना मला राहून राहून आपले स्मरणचित्र आठवले. नावातच स्मरण आहे. एलिमेंटरीपासून ते कला महाविद्यालयाच्या राज्यस्तरीय प्रवेश परीक्षेपर्यंत हा विषय आपल्या पाठीशी असतो. 'बाजार', 'बसस्थानक', 'पाणवठा', 'पतंग उडवणारी मुले' असा विषय येतो आणि मुलाने आठवून चित्र काढायचे असते. प्रत्यक्षात मूल आठवत नाही, पाठ करते. पुढे मोठी दोन-तीन माणसे, एक पाठमोरी, एक बाजूने. मागे झाड, त्यामागे घर, टोकाला डोंगर. बाजार आला तर पुढे भाजीवाली, मेळा आला तर तीच बाई फुगेवाली. शिकवणाऱ्यालाही दोष देऊ नये. चाळीस-पन्नास मुलांना काही तासिकांत श्रेणी मिळवून द्यायची तर साचा हाच सर्वांत खात्रीचा. पण त्यामुळे राज्यभर हजारो मुले दरवर्षी बाजाराचे चित्र काढतात आणि त्यात जळकोटचा बाजार कुठेच नसतो.

माझे म्हणणे एवढ्यावर येऊन ठरते. चित्रकथेच्या शिक्षणासाठी लागणारी दोन्ही अंगे आपल्या शालेय परीक्षेत आधीपासून आहेत: एक स्मरणचित्र, दुसरे अक्षरलेखन. ती कधी एका कागदावर आणली गेली नाहीत.

अक्षरलेखनाचे महत्त्व वरवर लक्षात येत नाही, म्हणून थोडे थांबतो. देवनागरीला शिरोरेषा आहे, वर वेलांटी-मात्रा-अनुस्वार, खाली उकार-ऋकार. त्यामुळे एका ओळीला रोमनपेक्षा जास्त उंची लागते. संवादाचा फुगा इंग्रजी मजकुरासाठी आखला आणि नंतर त्यात मराठी कोंबले, तर अक्षर बारीक करावे लागते किंवा वाक्य छाटावे लागते. भाषांतरित कॉमिक्स वाचणाऱ्या पिढीने ही गर्दी पाहिली आहे. मराठीतच विचार करून पान आखणाऱ्याने फुग्याची जागा चित्राआधी ठरवायला हवी. अक्षरांच्या बाबतीत महाराष्ट्र दरिद्री नाही. ज. जी. आणि पवईच्या आय. आय. टी.त शिकवणारे र. कृ. जोशी, नाटकांच्या जाहिरातींना आणि मासिकांच्या शीर्षकांना अक्षररूप देणारे कमल शेडगे, सुलेखन घराघरात नेणारे अच्युत पालव, अशी थोर परंपरा आहे. त्या परंपरेने घोषणा, शीर्षके, मुखपृष्ठे सजवली. कुजबूज कशी लिहावी, ओरडणे कसे लिहावे, गप्प बसलेल्या माणसाच्या फुग्यात काय असावे, हे प्रश्न तिच्यासमोर आता ठेवायला हवेत.

याचे अतिशय सुंदर उत्तर 'भीमायन' या २०११ सालच्या पुस्तकात मिळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातले अस्पृश्यतेचे अनुभव दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढले. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे लेखन. यातला दौलताबादच्या किल्ल्यातल्या पाण्याचा १९३४ सालचा प्रसंग आपल्या मराठवाड्यातला, तेव्हाच्या निजामी मुलखातला. व्याम दांपत्याने माणसांना चौकोनी डब्यांत कोंडायला नकार दिला. पान विभागायला त्यांनी घराच्या भिंतीवरची पारंपरिक दिग्ना नक्षी वापरली. मवाळ बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात, विखारी बोलणे विंचवाची नांगी असलेल्या फुग्यात, आणि मनातले बोलणे डोळा काढलेल्या फुग्यात. वाचता न येणाऱ्यालाही कोणाच्या बोलण्यात विष आहे ते पाहून कळावे!

त्याच्या शेजारी 'अमर चित्र कथा'तले आंबेडकर ठेवून पाहावेत. एस. एस. रेगे यांची संहिता, दिलीप कदम यांची चित्रे. तिथे शरीररचना नेमकी, चौकटी सरळ, छायाप्रकाश कला विद्यालयाच्या शिस्तीतला. ते पुस्तकही मोलाचे आहे. कितीतरी खेड्यांतल्या मुलांनी बाबासाहेबांचे आयुष्य प्रथम त्या पानांवर पाहिले असेल. दोन्ही पुस्तके एका बाकावर ठेवली तर विद्यार्थ्याला दिसते की चौकट हा निर्णय असतो. चौकट कोणी घालायची, कोणाला तिच्या आत ठेवायचे, कोणाला बाहेर, हे चित्रकार ठरवतो, आणि त्या ठरवण्यात त्याची समाजाकडे पाहण्याची नजर असते. जातीच्या प्रश्नावर इतकी लढाई झालेल्या प्रदेशात हा धडा रेखाकलेच्या तासाला शिकवण्यासारखा आहे.

शेजारच्या गोव्यात या दिशेने एक ठोस काम झाले. गोवा विद्यापीठात व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या नावाचे अध्यासन आहे. तिथे अभ्यागत प्राध्यापक म्हणून ओरिजित सेन आले. नर्मदेवरच्या धरणांच्या प्रश्नावर १९९४ साली आलेली त्यांची 'रिव्हर ऑफ स्टोरीज' ही भारतातल्या पहिल्या ग्राफिक कादंबऱ्यांपैकी एक. त्यांनी विद्यार्थ्यांना म्हापशाच्या बाजारात नेले. बाजारात बसायचे, विक्रेत्यांशी बोलायचे, रेखाटने करायची, कोण कुठून येतो, काय विकतो, माल कसा मांडतो ते टिपायचे आणि सगळ्यांनी मिळून त्या बाजाराचा चित्रमय नकाशा तयार करायचा. शिकवणारा स्वतः चित्रकथाकार, वर्ग बाजारात, आणि हाती येणारे काम त्या गावाचे. आपल्याला हाच धागा उचलता येण्यासारखा आहे, कारण त्याला महागडे यंत्र लागत नाही.

आणि विषयांची इथे वाण नाही. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे, तमाशाचे फड, हे सगळे कंधार ओलांडले की समोर. तांड्यांवरचे बंजारा भरतकाम आहे, ज्याची आरशांची आणि टाक्यांची रचना पान विभागायला दिग्नाइतकीच समर्थ ठरू शकेल. उदगीरचा किल्ला आहे. जिवंत माणसांच्या आठवणीही आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप अनुभवलेली माणसे आता साठी-सत्तरीची झाली. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जुन्या गावात कोणाचे घर कोणाशेजारी होते, हे फक्त त्यांच्या डोक्यात उरले आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, ते भरायला रांगेत उभी राहिलेली मुले आज कॉलेजात आहेत. जो सॅको या चित्रकार-पत्रकाराने पॅलेस्टाइन आणि बोस्नियातल्या माणसांच्या आठवणी ऐकून, समोर बसून, पान पान उभे केले. तसे काम लातूर-नांदेडच्या मुलाने आपल्या आजीच्या आठवणींवर करावे, ही अपेक्षा फार मोठी नाही. मला तर वाटते की ते आता केले नाही तर दहा वर्षांनी सांगणारेच उरणार नाहीत.

अडचणी खऱ्या आहेत. पहिली शिक्षकांची. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरहून अधिक मुले असतील तिथेच कलेसाठी अर्धवेळ निदेशक द्यायचा आहे. तांड्या-वाडीवरच्या लहान शाळा या अटीत बसतच नाहीत. तिथे गणिताचे गुरुजीच चित्रही घेतात, किंवा तो तास गणिताला जातो. दुसरी अडचण अशी की ए. टी. डी. ही कलाशिक्षकाची पदविका करून येणाऱ्या शिक्षकाने स्वतः कधी चित्रकथेचे पान काढलेले नसते. मग तो शिकवणार काय? तिसरी, मुलांच्या हातातला मोबाइल. त्यावर ती जपानी ॲनिमे बघतात आणि वहीच्या मागच्या पानांवर नारुतो काढतात. अनेक शिक्षक त्याकडे वेळेचा अपव्यय म्हणून पाहतात. मला ते तसे वाटत नाही. जो मुलगा एकच पात्र दहा कोनांतून, धावताना, पडताना, रडताना काढतो, तो चित्रकथेतले सर्वांत अवघड काम, म्हणजे तोच माणूस प्रत्येक चौकटीत ओळखू येईल असा काढणे, कोणी न सांगता करत असतो. शिक्षकाने त्याला एवढेच म्हणावे की आता असाच तुझ्या काकाला काढ.

कला महाविद्यालयांच्या पातळीवर बदल करायला ही वेळ बरी आहे. ज. जी.ला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे स्वतःचे अभ्यासक्रम आखायची मोकळीक तिथे आली आहे. मुंबईत चित्रकथेचा एक विभाग निघाला तर आनंदच आहे. मात्र तेवढ्याने जळकोटपर्यंत काही पोचणार नाही, कारण इथला मुलगा त्या दारापर्यंत जातो तोच मुळी स्मरणचित्राचा साचा पाठ करून. म्हणून मी शालेय परीक्षेवर इतका भर देतो. इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रात एक पर्यायी प्रश्न असावा: त्याच कागदावर, त्याच वेळात, एका चित्राऐवजी चार चौकटी, आणि निदान एका चौकटीत हाताने लिहिलेला संवाद. 'बाजार' हाच विषय राहू द्या. पहिल्या चौकटीत आजी कोथिंबिरीची जुडी उचलते, दुसऱ्या चौकटीत काय होते ते मुलाने ठरवायचे.

यावर परीक्षकांचा आक्षेप येईल की गुण कसे द्यायचे. एका चित्राला रचना, रेखाटन, रंग असे निकष लावता येतात, गोष्टीला कोणते लावणार? हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर आहे. तपासणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात. चारही चौकटींत तेच पात्र ओळखू येते का. प्रत्येक चौकटीत आधीच्यापेक्षा काही बदलले आहे का. आणि शब्द झाकले तरी अर्धी गोष्ट चित्रातून कळते का. आइस्नर यांच्यापासून ताकेमियांपर्यंत वर्गात हेच पाहिले जात असणार. यात रेखाटनाच्या कौशल्याला कुठेही सूट नाही. परीक्षकांसाठी एक दिवसाचे प्रशिक्षण आणि नमुन्याची वीस-पंचवीस पाने एवढी तयारी पुरते.

पहिल्या वर्षी हा पर्याय थोडीच मुले घेतील. ज्या शाळेत सरांनी वर्षभर चार चौकटींची वही भरून घेतली असेल, तिथलीच घेतील. त्यांच्या उत्तरपत्रिकांमधून संचालनालयाला प्रथमच कळेल की कोणत्या तालुक्यात चित्रातून गोष्ट सांगणारी मुले आहेत आणि त्यांना शिकवणारे शिक्षक कोण आहेत. विभाग पुढे जिथे काढायचा तिथे काढावा, त्याचे पहिले अध्यापक या शिक्षकांतूनच निवडावेत.